पदवीचे नाव आणि कामाची वाट

व्यवस्थापनाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो एम.बी.ए. करावे की पी.जी.डी.एम. हा. 'पदवी ती पदवी आणि पदविका ती पदविका' असे घरातील वडीलधारी मंडळी ठामपणे सांगतात. हे म्हणणे वरवर पटण्याजोगे असले, तरी अपुरे आहे.

या दोन नावांतील भेद मूलतः कायद्याचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. म्हणून विद्यापीठ एम.बी.ए. ही पदवी देते, तर स्वायत्त संस्था पदविका देते. कोलकाता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. परंतु २०१७ चा स्वतंत्र अधिनियम होईपर्यंत त्यांनाही पदविकाच देता येत होती. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे ज्या शिक्षणासाठी देशभरातील विद्यार्थी धडपडले, त्याचे नाव 'पदविका' असेच होते. नावावरून गुणवत्ता ठरत नाही, याला याहून मोठा दाखला कोणता?

मग निवड कशावरून करावी? चेन्नई शहरात या प्रश्नाचे सारे पर्याय एकत्र पाहावयास मिळतात. मद्रास विद्यापीठ, अण्णा विद्यापीठ आणि आय.आय.टी. मद्रास येथे एम.बी.ए. आहे. लोयोला महाविद्यालयाच्या आवारात १९७९ पासून चालणारी संस्था दोन वर्षांची पदविका देते. २००४ साली स्थापन झालेली ग्रेट लेक्स ही संस्था नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमामुळे ओळखली जाते. नोकरी सोडणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारखा दूरस्थ शिक्षणाचा मार्ग आहे.

यांतील प्रत्येक वाट वेगळ्या प्रवाशासाठी आहे. श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात पाच वर्षे काम केलेल्या अभियंत्याला यंत्रे आणि माणसे ठाऊक असतात. त्याला हिशेब, वित्त व विपणन शिकावयाचे असते. त्याला एक वर्ष पुरेसे होऊ शकते. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलीने मात्र तीच घाई केली, तर उद्योगाचे प्रत्यक्ष रूप पाहण्याची संधी ती गमावील. तिला दोन वर्षे आणि मधल्या उन्हाळ्यातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव अधिक उपयोगी ठरेल.

याचा अर्थ नावाकडे दुर्लक्ष करावे, असा नाही. पदविकेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, तर दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे प्रवेशापूर्वीच तपासले पाहिजे. पुढे प्राध्यापक व्हावयाचे किंवा पीएच.डी. करावयाची असल्यास पदविका समकक्ष मानली जाते का, हेही पाहावे. अनेक कुटुंबे कर्ज काढून हे शुल्क भरतात. जाहिरातीतील सर्वाधिक वेतनाचा आकडा पाहून कर्ज काढणे धोक्याचे आहे. तो आकडा एखाद्याच विद्यार्थ्याचा असू शकतो. हप्ते मात्र प्रत्येकालाच फेडावे लागतात. म्हणून वर्गातील मधल्या विद्यार्थ्याला काय वेतन मिळाले, हे विचारावे.

तंजावरच्या मराठी परंपरेत जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले राजा सर टी. माधवराव हे एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. व्यवस्थापनाची पदवी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. आजच्या उद्योगविश्वात प्रवेशासाठी प्रमाणपत्र लागते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रमाणपत्र दार उघडते. आत गेल्यावर माणसे जोडणे, पैशाचा चोख हिशेब ठेवणे आणि वेळेवर निर्णय घेणे ही कामे ज्याची त्यालाच करावी लागतात. ती कामे आपल्याला कोठे शिकता येतील, हे पाहूनच विद्यार्थ्याने आपला अभ्यासक्रम निवडावा.