अभिनय, गाणे आणि लेखणी : मालकी कुणाची?

२०२५ साली दिल्लीत भरलेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर यांनी भूषविले आणि त्यापुढील ९९ व्या संमेलनाचा मान साताऱ्याला मिळाला. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांना अभिमान वाटावा असाच हा योग होता. परंतु अभिमानाच्या जोडीला थोडा हिशेबही मांडला पाहिजे. संमेलनाच्या एवढ्या दीर्घ परंपरेत अध्यक्षपदी बसलेल्या डॉ. भवाळकर या अवघ्या सहाव्या स्त्री होत. त्यांच्या आधीच्या पाच जणींपैकी दुर्गा भागवत १९७५ साली सातारा जिल्ह्यातीलच कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. लिहिणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारा मान इतका विरळ असेल, तर रंगभूमीवर गाणाऱ्या, अभिनय करणाऱ्या आणि त्यावर लिहूही पाहणाऱ्या स्त्रीची गत काय झाली असेल? हा प्रश्न केवळ सांस्कृतिक नाही; तो अर्थशास्त्राचाही आहे.

कलावंताला मिळणारे उत्पन्न ढोबळमानाने चार प्रकारचे असते. पहिले मजुरीचे. नट प्रयोगाला उभा राहतो आणि आपली ‘नाइट’ घेतो. प्रयोग नाही तर पैसा नाही. दुसरे दुर्मिळ कौशल्याचे. उत्तम गळा बाजारात सहजासहजी मिळत नाही, म्हणून गायकाला अधिक मोल मिळते; पण तेही गळा साथ देईल तोवरच. तिसरे भांडवलाचे. नाटक मंडळी काढणारा नफ्याचा धनी होतो, तसा तोट्याचाही होतो. चौथे मालमत्तेचे. नाटककाराची संहिता ही मालमत्ता असते. तो झोपला असताना, आजारी असताना, इतकेच काय पण त्याच्या मृत्यूनंतरही ती उत्पन्न देऊ शकते. आपल्या रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने तपासला तर असे दिसते की, स्त्रीला मजुरीचे दार आधी उघडले, कौशल्याचे त्याबरोबरच, जोखमीचे त्यानंतर आणि मालमत्तेचे सर्वांत शेवटी, तेही अर्धवट.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते यथार्थ आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगमंचावर आणले. या प्रयत्नामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मराठी रंगभूमीच्या जन्मवेळीच शेजारच्या कन्नड भाषेचे ऋण आहे. मात्र त्या पहिल्या सीतेचे सोंग पुरुषानेच घेतले होते. पुढे नाटकी स्त्रीत्वाचा आदर्श घडविला तोही बालगंधर्वांनी. ज्या काळात नायिका हाच नाटकाचा प्राण होता, त्या काळात प्रतिष्ठित मंडळ्यांतून खरी स्त्री मात्र मजुरीलाही पात्र नव्हती.

तमाशाच्या फडात ती होती. पण तेथे दुसरा हिशेब होता. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या रेठरे हरणाक्ष गावचे पठ्ठे बापूराव आणि त्यांच्या फडातील पवळा ही जोडी सर्वश्रुत आहे. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या शाहिराने जातीचा बहिष्कार पत्करला, हे त्याचे मोठेपण कोणी नाकारू नये. परंतु लावणीच्या अखेरीस कवी आपले नाव गुंफतो, तो संकेत लक्षात घ्या. कायद्यातला स्वामित्वहक्क ठाऊक नसलेल्या समाजाने शोधलेली ही मालकीची खूण होती. पवळा फडावर गात असे ती बापूरावांची लावणी. शेवटी उच्चारले जाई ते कवीचे नाव. तिचा आवाज हवेत विरला, नाममुद्रा टिकली.

अशा काळात एका स्त्रीने थेट संहितेला हात घातला. सावंतवाडीकडच्या हिराबाई पेडणेकर कलावंतिणीच्या घराण्यातल्या, गाण्यात तयार आणि वाचनाने समृद्ध. १९०४ साली त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले. १९१२ साली त्यांचे ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ने रंगमंचावर आणले. स्त्रीने लिहिलेले संगीत नाटक नामांकित मंडळीने करावे, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. परंतु विसंगती पाहा : ज्या रंगभूमीला हिराबाईंची लेखणी चालली, तिला स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे चालत नव्हते. त्यांच्या नायिकेची भूमिका पुरुषानेच करायची होती. गाणारा गळा आणि लिहिणारा हात एकाच देहात असूनही त्या दोहोंची गाठ रंगमंचावर पडू शकली नाही. पुढे मुंबई सोडून त्या गुहागरजवळच्या पालशेत या गावी राहिल्या आणि १९५१ साली तेथेच निवर्तल्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर ‘कस्तुरीमृग’ लिहिले. म्हणजे नाटककार स्त्री अखेर दुसऱ्याच्या नाटकाचा विषय होऊन आपल्याकडे परत आली.

दुसऱ्या हिराबाई आपल्या मिरजेच्या. हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ख्यालाची बोली हिंदी-ब्रज आणि नाट्यपदाची मराठी. या दोन्ही भाषांत त्यांचा गळा सारख्याच सहजतेने फिरत असे. बैठकीतील मेहेरबानीचे गाणे सोडून तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी आश्रयदात्याच्या जागी ग्राहक आणला. आश्रयदाता बिदागी देतो आणि तिच्याबरोबर उपकारही देतो. तिकीट काढणारा श्रोता केवळ किंमत देतो. स्त्री कलावंताच्या प्रतिष्ठेत या एका बदलाने जेवढी भर पडली, तेवढी अनेक व्याख्यानांनी पडली नसेल.

१९२९ साली त्यांनी ‘नूतन संगीत नाटक मंडळी’ काढली. त्या स्वतः आणि त्यांची भावंडे रंगमंचावर आली. सुभद्रेची भूमिका स्त्री करू लागली. येथे स्त्री मजूर राहिली नव्हती, ती मालक झाली होती. परंतु मालकी मिळाली ती नेमक्या कोणत्या मुहूर्तावर? त्याच १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली, १९३१ साली ‘आलम आरा’ने हिंदी बोलपट आणला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आला. बोलपटाचे गणित नाटक मंडळीला झेपणारे नव्हते. नेपथ्य एकदाच उभारायचे, नट त्याच पगारात दोन भाषांत बोलायचे आणि प्रती गावोगाव पाठवायच्या. उलट नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला बिऱ्हाड हलवावे लागे, पेट्या वाहाव्या लागत, माणसे पोसावी लागत. हिराबाईंची मंडळी या स्पर्धेत टिकली नाही. मागे राहिलेले कर्ज त्यांनी मैफली करून फेडले. पुढे १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले, १९८९ साली त्यांचे निधन झाले. भांडवल बुडाले, गळ्याने तारले, असा या कारकिर्दीचा ताळेबंद आहे. त्यांच्या हाती गाणे होते, अभिनय होता, काही वर्षे मंडळीही होती. पण ज्या नाटकांवर हे सारे उभे होते, त्या नाटकांचे कर्ते दुसरे होते.

दोन्ही हिराबाईंना जे निरनिराळे मिळाले, ते एकत्र येण्याची सुरुवात पुढच्या पिढीत झाली. कोकणीच्या मातीत, गोव्यातील बांदिवडे येथे जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ आणि १९४२ च्या ‘कुलवधू’ या नाटकांतून गायिका-अभिनेत्री म्हणून गाजल्या आणि पुढे ‘आराधना’ हे नाटकही त्यांनी लिहिले. मात्र लोकांच्या स्मरणात त्यांची गाणी राहिली, त्यांचे नाट्यलेखन नाही. यानंतरचे उदाहरण सातारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. नायगावच्या मातीत १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग स्वतः लिहिला आणि स्वतःच सादर केला; मराठीतही आणि हिंदीतही. येथे संहिता, देह आणि आवाज यांची मालकी प्रथमच इतक्या स्पष्टपणे एका स्त्रीकडे राहिली. त्यासाठी ना मोठी मंडळी लागली, ना नेपथ्याचे ओझे. अल्प भांडवल, स्वतःची संहिता आणि दोन भाषांची बाजारपेठ, असे हे गणित आहे. ते कमी खर्चाचे असेल, पण कमी प्रतीचे मुळीच नाही.

द्विभाषिकता हे कलावंताचे भांडवल होऊ शकते, हे कॅनडाने शासकीय पातळीवर ओळखले. तेथे १९६९ साली इंग्रजी आणि फ्रेंच या दोहोंना राजभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी ओटावात उघडलेल्या राष्ट्रीय कलाकेंद्रात दोन्ही भाषांच्या रंगभूमीला स्थान मिळाले. दोन भाषांत लिहिणाऱ्या, गाणाऱ्या नटीला तेथे दोन दारे उघडी असतात. १९९२ च्या कायद्याने तर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंतांच्या संघटनांना केंद्र सरकारच्या कक्षेतील संस्थांशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. आपल्या जत तालुक्यात घराघरांत कन्नड आणि मराठी एकत्र नांदतात. तेथील मुलगी दोन्ही भाषांत सहज बोलते, गाते. परंतु ही तिची शिल्लक आहे असे तिला कोणी सांगत नाही. उलट तिचे मराठी ‘अशुद्ध’ ठरवून आपण तिला एकांकिकेच्या निवडीतून बाद करतो.

आपल्याकडे कायदा अगदीच मागे आहे असे नाही. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताच्या हक्काला स्वामित्वहक्क कायद्यात स्थान मिळाले. तिच्या संमतीवाचून प्रयोगाचे ध्वनिमुद्रण वा चित्रण करता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला व्यापारी वापरातील वाटा मागता येऊ लागला आणि चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कराराने हिरावून घेण्यास बंदी आली. परंतु हक्क कागदावर असणे निराळे आणि हातात असणे निराळे. ज्या व्यवसायात करार तोंडी होतात, तेथे हक्क मागणारी मुलगी पुढच्या नाटकाला मुकते, ही भीती कायद्याहून प्रबळ ठरते.

यावर काही जण म्हणतील की, कलेच्या मंदिरात चोपडी कशाला? निर्मात्यालाही तोटा होतोच की! हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मिरजेच्या हिराबाईच निर्मात्या होत्या आणि त्यांनी तोटा सोसला. बालगंधर्वांसारख्या सम्राटालाही कर्जाने सोडले नाही. पण जोखीम मोठी असल्यास तिची वाटणी आधी लिहून ठेवण्याची गरज वाढते, कमी होत नाही. तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा आणि नाव व मानधन मात्र एकाने ठेवायचे, याला त्याग म्हणत नाहीत. ज्यांना चोपडी नको असते, त्यांची स्वतःची चोपडी बहुधा नीट लिहिलेली असते.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत दरवर्षी एकांकिका होतात. तालमीत संवाद मुली रचतात, चाली मुली बांधतात. संहितेवर नाव एखाद्याचेच लागते. प्रत्येक संहितेवर लेखनात, संगीतात सहभागी झालेल्यांची नावे आणि वाटा लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत नफा-तोट्याच्या उदाहरणांत साखर कारखान्याबरोबर नाटकाचाही हिशेब यावा. जत-मिरजेकडील महाविद्यालयांनी मराठी-कन्नड असे दुभाषी प्रयोग करावेत. ज्या भूमीत रंगभूमी दोन भाषांच्या भेटीतून जन्मली, तेथे हे नवे ठरू नये.

आणि एक गोष्ट तर उद्याच करता येईल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कृतीवरील स्वामित्वहक्क संपतो. त्या हिशेबाने हिराबाई पेडणेकरांचे लेखन २०११ च्या अखेरीस सर्वांसाठी खुले झाले. ‘दामिनी’ करायला आता कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला पैसा द्यावा लागत नाही. यंदाच्या ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिनाची पूजा होईल, हार घातले जातील, भाषणे होतील. त्या मंचावर ‘दामिनी’चा एक तरी प्रवेश व्हावा, नायिकेची भूमिका मुलीने करावी, पदे तिनेच गावीत आणि जाहिरातीत नाटककार म्हणून हिराबाईंचे नाव ठळक अक्षरांत छापावे. १९१२ साली जे एकत्र येऊ शकले नाही, ते एकत्र आणायला आज फक्त इच्छा लागते.