निलगिरीस वन म्हणूं नये

निलगिरी हें झाड वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. तें झपाट्यानें वाढतें, तोडल्यावर बुंध्यास पुन्हा धुमारे फुटतात, आणि त्याचें लांकूड खांबांस व कागदाच्या लगद्यास उपयोगी पडतें. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या लागवडीस ‘सामाजिक वनीकरण’ म्हणण्यास. कर्नाटकांतील कोलार जिल्ह्यांत १९८० च्या सुमारास या नांवाखालीं नाचणीचीं शेतें निलगिरीखालीं गेलीं. गिरण्यांना लांकूड मिळालें. समाजाच्या पदरीं काय पडलें? मजुरांचें काम गेलें, गुरांची वैरण गेली. १९८३ मध्यें तुमकूरच्या शेतकऱ्यांनीं रोपवाटिकेंतलीं रोपें उपटून तेथें चिंच-आंबा पेरला. सरकारनें नव्या लागवडीस बंदी केली ती २०१७ मध्यें! जें पीक आहे त्यास पीकच म्हणावें, आणि त्यानें प्यालेल्या पाण्याचा हिशेब मागावा. वनाची प्रतिष्ठा त्यास उसनी कां द्यावी?