ख्रिस्ती शास्त्रातील शब्द आणि मराठी वाचक

ख्रिस्ती शास्त्राची प्रत मराठी घरांत आज दुर्मिळ राहिलेली नाही. रुग्णालयात, वसतिगृहात, एखाद्या मित्राच्या फळीवर ती सहज हाती लागते. जिज्ञासू मनुष्य ती उघडतो, दहा-वीस पाने वाचतो व बाजूस ठेवतो. त्यास विचारावे तर तो म्हणतो, "भाषा तर मराठीच आहे, सारे समजले." आमचे म्हणणे असे की, बहुधा त्यास समजलेले नसते. अपरिचित शब्द आला म्हणजे वाचक थांबतो व कोणास तरी विचारतो. परिचित शब्द आला म्हणजे तो थांबत नाही. आपल्या मनातील अर्थ त्यात घालून तो पुढे जातो. ‘पाप’, ‘कृपा’, ‘दास’, ‘तारण’, ‘शास्त्री’ हे शब्द जन्मापासून आपल्या कानांवर पडत आले आहेत. परंतु ज्या मूळ शब्दांच्या जागी ते बसविण्यात आले, त्या शब्दांचा अर्थ पुष्कळदा निराळा होता.

ख्रिस्ती शास्त्राशी आपणांस काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व जालना या भागांत एकोणिसाव्या शतकापासून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार व मांग समाजांतील लोकांचा भरणा मोठा होता. ते आपलेच भाऊबंद होत. शिवाय धर्म स्वीकारणे, नाकारणे वा सोडणे हा मनुष्याचा हक्क आहे, असे आपण मानतो. मग जे स्वीकारावयाचे वा नाकारावयाचे, ते प्रथम समजून घेणे हे त्या हक्काचेच अंग होय. न समजता धरलेला धर्म आणि न समजता टाकलेला धर्म, दोन्ही सारखेच आंधळे.

प्रथम हे शब्द आपल्यापर्यंत कसे आले ते पाहू. ख्रिस्ती शास्त्राचे दोन भाग आहेत. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला, त्याचा थोडा अंश अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रतीत पहिल्याची ३९ व दुसऱ्याची २७ मिळून ६६ पुस्तके असतात, तर कॅथलिक पंथाच्या प्रतीत ७३ असतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजिला आहे. पुढे श्रीरामपूर येथून विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ साली नवा करार मराठीत छापला. या सर्वांपुढे अडचण एकच होती. मराठीतील प्रत्येक धार्मिक शब्दात आधीच कोणीतरी वस्तीस होते. ‘वैकुंठ’ म्हटले की विष्णू आला. ‘पाप’ म्हटले की पूर्वजन्म आला. ही अडचण पंडिता रमाबाईंनी नेमकी ओळखली होती. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर व हिंदू कल्पनांशी जखडलेले शब्द त्यांना खटकत. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.

आता काही शब्द घेऊ. ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नव्हे. ‘ख्रिस्तोस’ म्हणजे ज्यास तेलाचा अभिषेक झाला आहे तो. हिब्रूत त्यालाच ‘मशीहा’ म्हणतात. इस्राएलात राजास व याजकास असा अभिषेक होत असे. म्हणजे हे राज्यपदाचे नाव आहे. ज्या काळी पॅलेस्टाइनवर रोमची सत्ता होती, त्या काळी एका सुताराला हे नाव देणे ही केवळ भक्तीची गोष्ट नव्हती. ‘शुभवर्तमान’ या शब्दाचेही तसेच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आनंदाची बातमी’. इ. स. पूर्व ९ मधील प्रिएने येथील शिलालेखात ऑगस्टस बादशहाच्या जन्माच्या संदर्भात हाच शब्द येतो. जो शब्द बादशहाच्या गौरवासाठी वापरला गेला होता, तोच क्रुसावर मारल्या गेलेल्या मनुष्याच्या कथेस लावण्यात आला. हे ध्यानी घेतल्यावाचून त्या शब्दातील धार कळत नाही.

‘करार’ हा शब्द आपण कोर्टकचेरीतून ओळखतो. हिब्रू ‘बरीथ’ हा देव व एक जनसमूह यांच्यातील बांधिलकीचा शब्द आहे. तो जनसमूह कोण होता? मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून आलेले लोक. सीनाय पर्वतावरील दहा आज्ञांच्या आरंभी, तुम्हांस दास्यातून बाहेर काढले, ही आठवण प्रथम दिली आहे. आज्ञा त्यानंतर येतात.

‘तारण’ या शब्दाने मराठी शेतकऱ्याची तर मोठीच फसगत होते. त्याच्या ठिकाणी तारण म्हणजे सावकाराकडे किंवा सोसायटीत जमीन अडकवून ठेवणे. ग्रीक ‘सोतेरिया’ याच्या अगदी उलट आहे. त्याचा अर्थ सुटका. त्याच धातूचे क्रियापद रोगी बरा होणे व बुडता मनुष्य वाचणे या दोन्ही अर्थी नव्या करारात येते. म्हणजे हे तारण केवळ मरणानंतरचे नाही. त्याच्या जोडीचा शब्द ‘खंडणी’. वर्तमानपत्र वाचणाऱ्यास खंडणी म्हणजे गुंडाने धमकावून उकळलेला पैसा वाटतो. मूळ शब्द मात्र गुलामास वा युद्धकैद्यास सोडविण्यासाठी भरलेल्या किमतीचा आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर असा नियमच आहे की, दारिद्र्यामुळे कोणी स्वतःस विकले, तर त्याच्या जवळच्या आप्ताने त्यास सोडवून आणावे. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाच्या सुटकेची ही भाषा आहे.

‘दास’ हा शब्द पाहा. आपल्याकडे संतांनी व भक्तांनी आपल्या नावापुढे ‘दास’ जोडले, त्यामुळे त्या शब्दास गोडवा आला. ग्रीक ‘दूलोस’ या शब्दास गोडवा नाही. दूलोस म्हणजे विकत घेतलेला, फटके खाणारा, ज्याची मुलेबाळेही धन्याच्या मालकीची असा गुलाम. पौलाचे फिलेमोनास लिहिलेले छोटे पत्र अनेसिम नावाच्या अशाच एका गुलामाविषयी आहे. त्यास बंधू समजून स्वीकार, असे पौल धन्यास विनवितो. गुलामगिरी मोडून टाक, असे स्पष्ट सांगत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गुलामांचे धनी व गुलामगिरीचे विरोधक, दोघेही त्या पत्राचा आधार घेत राहिले. ‘दास’ वाचून ज्याच्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग उभे राहतात, त्यास हा वाद कळणारच नाही.

‘पाप’ या शब्दापाशी आपल्या वाचकाने सर्वाधिक सावध असावे. आपल्या समाजाने हा शब्द फार सोसला आहे. पूर्वजन्मीच्या पापाने हा जन्म आला, असे आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविण्यात आले. ग्रीक ‘हामार्तिया’चा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. त्यात पूर्वजन्म नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य विचारतात की, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. मार्काच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून वाद निघतो, तेव्हा मनुष्य बाहेरच्या वस्तूने विटाळत नाही, अंतःकरणातून जे दुष्ट निघते त्याने विटाळतो, असे उत्तर मिळते. हे उत्तर कोणास पटो वा न पटो. परंतु आपल्याकडील ‘पाप’ व ‘विटाळ’ यांचे अर्थ घेऊन हे अध्याय वाचणारा मनुष्य त्यांतून नेमके उलटेच काढील. ‘पश्चात्ताप’ हाही तसाच. ग्रीक ‘मेतानोइया’ म्हणजे मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे. लॅटिन भाषांतरात त्यास प्रायश्चित्ताचा वास आला आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपली जी ९५ विधाने मांडली, त्यांतील आरंभीची विधाने याच शब्दाच्या अर्थाविषयी आहेत. एका शब्दाच्या अर्थावरून युरोपातील धर्मसत्तेस असे आव्हान मिळू शकले.

‘शास्त्री’ व ‘परूशी’ या शब्दांविषयी मात्र उलट सावधगिरी हवी. ‘शास्त्री’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेशवाईतील शास्त्री येतो. मूळ शब्द धर्मग्रंथ लिहिणारा व जाणणारा लेखनिक असा आहे. परूशी हा जन्माने ठरणारा वर्ण नव्हता. ती एक धार्मिक चळवळ होती व तिच्यात सामान्य लोकही असत. या शब्दांचा शिवीसारखा उपयोग करून युरोपात यहुदी लोकांचा शतकानुशतके द्वेष करण्यात आला. आपला राग चुकीच्या माणसावर काढणे न्यायाचे नाही.

योहानाच्या चौथ्या अध्यायात एक प्रसंग आहे. विहिरीवर बसलेला येशू एका शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो व ती चकित होते. ‘शोमरोनी’ हा केवळ गावाचा वाचक शब्द समजून वाचक पुढे गेला, तर ती चकित का झाली हे त्यास कळत नाही. शोमरोनी हे यहुद्यांपासून फुटून निघालेले, गरिज्जीम डोंगरावर उपासना करणारे लोक. यहुदी त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत, असे तेथेच म्हटले आहे. भांड्यांच्या वापराचा अर्थही त्या क्रियापदातून निघतो असे काही अभ्यासक मानतात. हा आपल्याकडील जातिभेदच होता असे म्हणणे चूक ठरेल. परंतु २० मार्च १९२७ रोजी ज्यांच्या वाडवडिलांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांना पाणी मागण्याचा व देण्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. डोंगरावरील प्रवचनात येशू ज्या भुकेल्यातान्हेल्यांना धन्य म्हणतो, त्यांना भूक कशाची आहे? मराठी प्रतीत ‘नीतिमत्त्वाची’ असे आहे. ग्रीक शब्द ‘दिकायोसुने’. त्याचे मूळ ‘दिके’ म्हणजे न्याय. लॅटिन, फ्रेंच व स्पॅनिश भाषांतरांत त्या जागी न्यायवाचक शब्दच आहे. मूळ शब्दात सदाचार आहे, तसा न्यायही आहे. मराठी शब्दात सदाचार राहिला व न्याय मागे पडला. सुज्ञ वाचकांनीच विचार करावा. नीतिमत्त्वाचा भुकेला मनुष्य आपली वर्तणूक सुधारील. न्यायाचा भुकेला मनुष्य चावडीवर जाऊन उभा राहील.

यावर कोणी म्हणेल, भाविकास असा शब्दच्छल कशाला हवा? त्यास आम्ही एका पुस्तकाची आठवण देतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या उपयोगासाठी म्हणून शास्त्रातील निवडक भागांची प्रत छापण्यात आली. तीत मिसर देशाच्या गुलामगिरीतून लोक सुटल्याची कथा नव्हती. दास व स्वतंत्र हा भेद उरला नाही, असे सांगणारे गलतीकरांस पत्रातील वचनही नव्हते. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा उपदेश मात्र ठेवला होता. गुलामांनी काय वाचावे व त्याचा अर्थ काय घ्यावा, हे दुसऱ्या कोणी ठरविले म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

शब्दाचा हिशेब आचरणातही मागितला पाहिजे. ‘मंडळी’ हा शब्द ग्रीक ‘एक्लेसिया’साठी आहे, व ‘एक्लेसिया’ म्हणजे नगरातील नागरिकांची सभा. तमिळनाडूत काही ठिकाणी याच मंडळीत दलित ख्रिस्तींसाठी दफनभूमी वेगळी ठेवण्यात आली. तेथे त्या शब्दाचा अर्थ काय उरला, हे चर्चच्या धुरीणांना विचारण्याचा अधिकार त्यांच्याच दलित बांधवांना आहे. सरकारकडेही असाच एक शब्द आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती मात्र अद्याप त्याबाहेर आहेत. ज्यास चर्चमध्ये जातीवरून वेगळे पुरले जाते, त्यासच कायदा म्हणतो की तुला आता जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक प्रकरणच असे आहे की, शब्दांच्या सारखेपणाने मूलभूत भेद कसा झाकला जातो. कर्म व पुनर्जन्म या शब्दांचा झाडा त्यांनी तेथे घेतला आहे. आपल्या धम्माच्या शब्दांस जी कसोटी लावली, तीच दुसऱ्याच्या शास्त्राच्या शब्दांस लावणे हा त्या शास्त्राचा अपमान नव्हे.

म्हणून वाचकहो, ते पुस्तक पुन्हा हाती आले तर प्रत्येक मोठ्या शब्दापाशी थांबा. मूळ शब्द कोणता, तो त्या काळी बाजारात, दरबारात व देवळात कशास लावीत, मराठी शब्दाने त्यात काय घातले आणि काय वगळले, एवढे विचारा. जवळपास ख्रिस्ती शेजारी असेल तर त्यासही बरोबर घ्या; दोघे मिळून वाचा. तो आपल्या श्रद्धेवर राहील, तुम्ही आपल्या विचारावर राहाल. पण न्यायाची भूक हा शब्द दोघांनाही ओळखता येईल, आणि त्या दफनभूमीच्या व त्या १९५० च्या आदेशाच्या प्रश्नावर दोघांना एका बाजूस उभे राहता येईल.