वीज बनवणाऱ्या तालुक्यात मदत का अडावी?

तिरोडा तालुक्यात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीएफची चौकशी, ई-केवायसी, सगळं एकाच टेबलावर. सकाळी प्लांटमध्ये कंत्राटी कामाला लागायची धडपड करणारा पोरगा कागद करून घेऊन जातो आणि दुपारी त्याचाच बाप नुकसानग्रस्तांच्या यादीतला विशिष्ट क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणतो. घर एकच. त्याची एक मिळकत विजेच्या कारखान्यावर टेकलेली, दुसरी धानाच्या बांधीवर. म्हणून रोजगार आणि आपत्तीची मदत हे दोन वेगळे विषय आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

तिरोड्यातला अदानींचा औष्णिक प्रकल्प 3,300 मेगावॅटचा आहे, 660 मेगावॅटचे 5 संच. कोळसा रेल्वेने येतो, पाणी वैनगंगेचं. तयार झालेली वीज 765 केव्हीच्या वाहिन्यांवरून कोराडी, अकोला करत थेट मराठवाड्यापर्यंत जाते. राज्याच्या विजेचा एवढा मोठा वाटा आपल्या मातीतून जातो याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पण ऑक्टोबरात कापलेल्या धानाचे कडपे बांधीत पडलेले असताना पाऊस येतो तेव्हा गावात सगळ्यात आधी लाइन जाते. मग काही तासांत मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपते. नेमक्या त्याच दिवसांत माणसाने नुकसान कळवायचं असतं, पंचनाम्याचा फोटो चढवायचा असतो, पुढे अंगठा लावून स्वतःची ओळख पटवायची असते. आपत्तीची मदत आपण ऑनलाइन केली आणि आपत्तीत पहिल्यांदा कोसळतं तेच तिच्या पायाखाली ठेवलं.

अंगठ्याचंही तेच. रोवणीचे दिवस चिखलात काढलेल्या, वर्षभर कष्टाची कामं करणाऱ्या बायांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. "भाऊ, अंगठाच नाही घेत ना जी मशीन," असं म्हणत एखादी आजी तळहात लुगड्याला पुसून पुन्हा पुन्हा ठेवते. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर पुण्याला गेलेल्या मुलाचा. 2025 मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, ते फार चांगलं झालं. मात्र सामाईक खात्यातल्या भावांची संमतीपत्रं, मेलेल्या बापाच्या नावावरच राहिलेला सातबारा आणि बटईने शेती करणारा माणूस, हे तिन्ही प्रश्न आहेत तिथेच आहेत. बटईदाराने बियाणं, खत, मजुरी सगळं घातलेलं असतं आणि मदत जाते ती सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात.

रकमेचंही बोलायला हवं. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत जिरायती पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आहेत, तेही नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आणि 2 हेक्टरपर्यंतच. म्हणजे एकराला साधारण 3,400. आमच्याकडे तेवढ्यात रोवणीची मजुरी निघणंही कठीण. राज्याने मध्यंतरी हाच दर 13,600 आणि मर्यादा 3 हेक्टर केली होती, मे 2025 मध्ये दोन्ही पुन्हा खाली आणले आणि ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मर्यादा परत 3 हेक्टर झाली. पेरताना शेतकऱ्याला ठाऊक असायला हवं की बुडालो तर किती मिळेल. दर वर्षी घोषणेची वाट बघायला लावणं मला मान्य नाही.

घरांचा निकष तर मला त्याहून टोचतो. मातीच्या घराची भिंत बसली आणि पडझड अंशतः ठरली, तर कच्च्या घराला मिळतात 4,000 रुपये. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेचा पूर गावांत शिरला. तेव्हा काठावरच्या घरांच्या भिंती उभ्या पाण्यात विरघळल्या. अशी भिंत 4,000 रुपयांत पुन्हा मातीचीच उभी राहते आणि पुढच्या पुरात पुन्हा पडते. याच तालुक्यात कोळशाची राख ढिगाने निघते. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांवर राखेच्या शंभर टक्के वापराची जबाबदारी टाकली आहे. राखेच्या विटा सरकारी बांधकामांत चालतात. मग पडझडीच्या पंचनाम्यासोबत रोख 4,000 आणि भिंतीपुरत्या राखेच्या विटा असं का देता येऊ नये? विटा पाडायचं काम गावातल्या बचत गटांना आणि छोट्या कारखानदारांना द्यावं. वीज क्षेत्राचा व्यापार म्हणजे नुसता कोळसा आणि ट्रक नव्हे, हाही व्यापारच आहे आणि त्यातला पैसा तालुक्यात राहतो.

आता पोरांचं. इलेक्ट्रिशियन, वायरमनचा आयटीआय करून घरी बसलेली मुलं माझ्या केंद्रात रोज येतात. प्लांटला लागणारी माणसं मर्यादित, त्यात बरीचशी कंत्राटी; ठेकेदार बदलला की पुन्हा कागद, पुन्हा वाट. राज्याने 2016 मध्ये एक चांगली कल्पना काढली होती, 3,000 पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीत ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायचा. त्याने मीटर वाचायचं, फ्यूज घालायचा, डीपीवरचा बिघाड काढायचा. मोबदला ठरला ग्राहकामागे महिन्याला 9 रुपये. 400 मीटरच्या गावात त्याचे होतात 3,600 रुपये. खांबावर चढून जीव धोक्यात घालून एवढ्यात कोण टिकेल?

तीच कल्पना नीट पगार, विमा आणि सुरक्षा साहित्य देऊन पुन्हा आणा. गावातला मुलगा गावातली प्रत्येक डीपी ओळखतो. पूर आला की शहरातली गाडी नाल्यापलीकडे अडकते, तो मात्र आतच असतो. त्याच्याच हाती ग्रामपंचायतीच्या छतावरचे सोलर पॅनल आणि बॅटरी सोपवा. गावाची लाइन येईपर्यंत निदान एक खोली, एक संगणक आणि एक नेटचं यंत्र चालू राहील आणि तिथेच मदतीचे अर्ज भरले जातील. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासाठी ग्राम महसूल अधिकारी आणि सरपंच यांच्या सहीचा कागदी अर्ज त्याच खोलीत ग्राह्य धरावा, आणि मंजूर यादी तिथेच मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे ज्याचं नाव सुटलं त्याला त्याच दिवशी कळेल.

हे सगळं एकदम जिल्हाभर करा असं मी म्हणत नाही. वैनगंगा आणि बाघ नदीकाठच्या ग्रामपंचायतींपासून सुरुवात करा. मेअखेर पॅनल बसले, मुलांची नेमणूक झाली, तर जुलैचा पहिला पूर येईल तेव्हा ती खोली उघडी असेल.