भिडे वाडा आणि त्याचे खांब

गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्यास जाते. आपल्या भागातील कितीतरी मुले तिकडे कामाला आणि शिकायला आहेत. त्यांच्याकडे गेलेले आपले लोक पुणे पाहतात, दगडूशेठ गणपतीच्या गर्दीतून वाट काढतात, परंतु समोर कोणती जागा आहे हे कितीजणांस ठाऊक असते? तेथे भिडे वाडा होता. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीराव फुल्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा तेथे सुरू केली. त्याच वाड्याच्या खालच्या मजल्यावर पुढे दुकाने थाटली गेली.

शाळा होती तेथे दुकाने निघतात तरी कशी? याचे उत्तर लाकडात आहे. पुण्यातले जुने वाडे सागवानी सांगाड्याचे. दगडी जोत्यावर खांब, खांबाखाली ओल लागू नये म्हणून दगडाचा तळखडा, वर तुळया, म्हणजे आपण ज्यांना मयाली म्हणतो त्या. वरच्या मजल्याचा भार बहुतेक हाच सांगाडा उचलतो. खांबांमधली विटामातीची भिंत नुसती भरण असते. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर केवढे हे पूर्वी खणांवर सांगत. पुढची भरण काढली की खण मोकळा होतो, त्यात फळ्या नाहीतर शटर बसवले की दुकान तयार. वाडा पडत नाही. पण दुकान रुंद हवे म्हणून कुणी खांबच कापला, किंवा फरशी चढवून तळखडा पुरला, तर लाकूड बुडातून कुजते आणि वरचा मजला वाकू लागतो.

आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून हिशेबाचीही गोष्ट सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. गरीब भाडेकरूला त्याने छप्पर राखून दिले, हे आम्ही विसरणार नाही. पण जमेच्या रकान्यात जुने भाडे आणि खर्चाच्या रकान्यात दरवर्षी कवेलू फेरणे, असे झाल्यावर दुरुस्ती कोण करणार? शहरोशहरी असे वाडे खालून दुकाने आणि वरून पडीक झाले.

भिडे वाड्यात राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी कोर्टात वर्षानुवर्षे अडकली. दुकानदारांना आम्ही खलनायक ठरवणार नाही, त्यांचेही पोट त्या शटरमागे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. डिसेंबरात महापालिकेने ताबा घेऊन एका रात्रीत वाडा पाडला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या स्मारकाची पायाभरणी झाली.

स्मारक हवेच होते, त्याविषयी दुमत नाही. पण लंडनमध्ये १९२१-२२ साली बाबासाहेब ज्या घरात राहिले ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, तेव्हा घर पाडून नवे बांधले नाही. त्याच विटा, त्याच खोल्या लोक पाहतात. भिडे वाडा जीर्ण होता, सगळा वाचला नसता असे मानू. तरी दोन खण जागच्या जागी राखता आले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या मयालीखाली बसून मुलींनी अक्षरे गिरवली ती मयाल सिमेंटमध्ये नव्याने ओतता येत नाही.

तेव्हा पुण्यास जाल तर महात्मा फुले पेठेतला फुले वाडा चुकवू नका. जोतीराव-सावित्रीबाईंचे ते राहते घर सरकारने संरक्षित केले आहे. लाकडी खांब, कौले, मागे जोतीरावांची समाधी. मुलांना नुसत्या तसबिरी दाखवून परत फिरू नका. वर मान करून तुळया पाहायला सांगा, आणि घर किती खणांचे आहे ते त्यांनाच मोजू द्या.