नवं-जुनं करणारा कोणत्या यादीत?

आज सोयाबीनची दुसरी कोळपणी उरकली. बांधावर विषय एकच, कर्जमाफी.

पुणतांबा आपल्या श्रीरामपूरपासून जवळच. १ जून २०१७ ला तिथून शेतकरी संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात दीड लाखाची माफी जाहीर झाली. डिसेंबर २०१९ ला दोन लाखांची. दोन्ही वेळा माफीच्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण मी सोसायटीचं नवं-जुनं वेळेत करतो.

वेळेत म्हणजे कसं? मार्चअखेर हातात पैसा नसतो. कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी शेकड्यानं उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मिळालं की त्याचे त्याला द्यायचे. कागदावर आपण नियमित, पण मुद्दल जागच्या जागीच, वरून सावकाराचं व्याज.

२०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबरची थकबाकी मुद्दल-व्याजासह दोन लाखांच्या आत हवी होती. पाच हजार जास्त असले की माणूस पूर्ण बाहेर. नियमितवाल्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन, तेही हातात पडायला २०२२ उजाडलं.

थकबाकीदारावर राग नाही. तो अडचणीतच आहे. पण पुढच्या वेळी दोन गोष्टी व्हाव्यात. मर्यादेच्या वर कर्ज असेल तर निदान मर्यादेइतकं तरी माफ करा. आणि वर्षानुवर्षं नुसतं फिरवलेलं कर्ज थकीत धरा.

सोसायटीच्या सभेत हे मांडा, ठराव करून घ्या. सोबत आपला तीन वर्षांचा खातेउतारा ठेवा. भरणा आणि उचल एकाच आठवड्यात दिसली की वेगळं सांगायची गरज नाही.