चुनखडीची परीक्षा होते, पदवीधराची होत नाही

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. कोलामांचे पोड, गोंड-परधानांची गावे, पावसाच्या भरवशावरचा कापूस, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि शेजारच्या वणीच्या कोळसा खाणी ही या मुलखाची ओळख. इथल्या जमिनीखालची चुनखडी कामाची आहे की नाही, हे उद्योगपती ती खणून, तपासून ठरवतात. इथल्या पदवीधराला तपासून पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. त्याचा निकाल अर्जाच्या रकान्यातच लागतो.

माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्या नवपदवीधरांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, काही महिने शिकवतात आणि मग कामाला लावतात. त्यासाठी अर्ज मागवताना अनेक कंपन्या एक अट घालतात : दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही परीक्षांत किमान साठ टक्के गुण हवेत आणि शिक्षणात ठरावीक वर्षांहून अधिक खंड नको. वरवर पाहता अट निःपक्षपाती आहे. तिच्यात जात नाही, धर्म नाही, जिल्हा नाही. पण ती पोडावर नेऊन पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप कळते.

असा एक मुलगा कल्पून पाहा. त्याच्या घरात कोलामी बोलतात. ही द्रविड कुळातील भाषा आहे. मराठी त्याला शाळेत नव्याने शिकावी लागते आणि पुढे अभियांत्रिकीसाठी इंग्रजीशी झुंजावे लागते. आश्रमशाळेत गणिताला शिक्षक कधी होता, कधी नव्हता. दहावीला त्याला बावन्न टक्के मिळाले. एक वर्ष घरची अडचण म्हणून तो कापूस वेचायला राहिला. पुढे जिद्दीने शिकला आणि संगणकशास्त्राची पदवी त्याने बहात्तर टक्क्यांनी मिळवली. बावन्नावरून बहात्तरावर, तेही तिसऱ्या भाषेत! न्यायबुद्धी शाबूत असलेला कोणीही परीक्षक या मुलाला आधी बोलावील. कंपनीचा अर्ज त्याला आधी वगळतो. बावन्न हा आकडा रकान्यात भरताक्षणीच त्याचे पुढचे सारे कर्तृत्व निरर्थक ठरते.

पंधराव्या वर्षी मिळालेले गुण बाविसाव्या वर्षीच्या कुवतीविषयी काय सांगतात? ते सांगतात इतकेच, की त्या शाळेत शिक्षक होता की नव्हता, घरात दिवा होता की नव्हता. ज्याला गुणवत्ता म्हणून मिरवले जाते, ती पुष्कळदा बापाच्या ऐपतीची पावती असते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच विचारले होते : कर भरणार रयत आणि शिकणार वरच्या वर्गाची मुले, हा कुठला न्याय? आज रयतेचा मुलगा शिकला आहे. तेव्हा दाराची उंची वाढवण्यात आली आहे.

बरे, हे दार ओलांडणाऱ्यांचे तरी काय होते? इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या काही तरुणांना दोन वर्षे ताटकळत ठेवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हैसूरच्या केंद्रात रुजू करून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना, अंतर्गत चाचणीत तीन संधी मिळूनही उत्तीर्ण झाले नाहीत म्हणून, बाहेर काढण्यात आले. विप्रोने २०२३ मध्ये वर्षाला साडेसहा लाखांचा शब्द दिलेल्या, प्रशिक्षण पुरे केलेल्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांचा प्रस्ताव ठेवला. शब्द देणारा मोकळा आणि घेणारा बांधलेला, असा हा करार आहे. दुसरीकडे अनेक ठिकाणी याच तरुणाकडून लिहून घेतले जाते, की मुदतीआधी नोकरी सोडल्यास तो ठरलेली रक्कम भरून देईल.

अशा वेळी दाद कुठे मागावी? इथे कायद्यातील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट समावेश केला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्याच व्याख्येतून त्याला तितक्याच स्पष्टपणे वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आहे. ‘समावेश करून’ हे शब्द गेले, ‘वगळून’ हा शब्द आला! जे कंपनीचे नुसते अंतर्गत प्रशिक्षणार्थी म्हणवले जातात, त्यांचे स्थान तर याहूनही अधांतरी.

यावर उत्तर ठरलेले असते : कंपनी ही काही धर्मादाय संस्था नव्हे, ज्याला काम येत नाही त्याला तिने का पोसावे? पोसावे असे आमचे म्हणणे नाही. चाचणी जरूर घ्यावी. पण अभ्यासक्रम, कसोटी आणि तिचा निकाल उमेदवारासमोर उघड असावा, आणि निकालाविरुद्ध बाहेरच्या कोणाकडे तरी दाद मागता यावी. ‘आमचे पैसे, आमचे नियम’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. पुण्याजवळ हिंजवडीत या उद्योगासाठी जमीन मिळवून दिली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने. सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर कित्येक वर्षे आयकराची सूट होती. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याखाली पहिली पाच वर्षे संपूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी सूट देण्यात आली. ही सूट ज्या तिजोरीतून गेली, तिच्यात झरी जामणीच्या कापूसवेच्याने विकत घेतलेल्या साबणावरचा करही आहे. सवलत घेताना उद्योग राष्ट्राचा आणि नोकरी देताना मालकाचा, ही दुटप्पी नीती झाली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक जमीन वा करसवलत घेतलेल्या कंपनीने प्रशिक्षणाच्या अर्जातून दहावी-बारावीच्या गुणांची आणि खंडाची अट काढावी. पदवी ही पात्रता आणि चाचणी ही कसोटी, एवढे पुरे. चाचणी पांढरकवडा, वणी यांसारख्या गावी देता यावी. घरी कॅमेऱ्याचा संगणक आणि अखंड वीज असलेल्यांपुरती ती राहू नये. निवडपत्र दिल्यावर रुजू करून घेण्याची तारीख बंधनकारक असावी आणि विलंबाची भरपाई कंपनीने द्यावी. नोकरी सोडणाऱ्याकडून वसुली करणारे करार रद्द व्हावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराला त्याची जागा परत मिळावी.

यांतील एकही मागणी क्रांतीची नाही. तरीही त्या आपोआप मान्य होणार नाहीत. कामगार संघटनांनी संगणकावर बसणाऱ्या तरुणाला आजवर आपला मानले नाही, आणि त्या तरुणानेही स्वतःला कामगार मानले नाही. मालकवर्गाचे काम या गैरसमजाने फार सोपे केले आहे. म्हैसूरहून सामान उचलून परतलेला पदवीधर आणि पोडावर अर्ज भरताच बाद झालेला पदवीधर हे एकाच अन्यायाचे दोन बळी आहेत. हे दोघांना उमगेल आणि ते एका संघटनेत येतील, त्या दिवशी अर्जाचे रकाने बदलावे लागतील. तोवर झरी जामणीतून चुनखडी बाहेर जात राहील आणि इथला पदवीधर जागीच राहील.